बांध नव्हे, धुरा

४ सप्टेंबर

कंपनीच्या नोंदवहीत गोड गोड लिहावं लागतं, म्हणून ही वेगळी वही. इथे मी तोंडाला लगाम घालणार नाही.

आमच्या गेमचं नाव 'कारभारी'. मोबाईलवर खेळायचा. खेळणारा गावचा पुढारी होतो, त्याच्यापुढे एकेक प्रसंग येतो आणि वाचून त्यानं ठरवायचं असतं, समजूत काढायची, धमकी द्यायची की डोकं फोडायचं. प्रसंग मी लिहिते. कंपनी पुण्यात, मी बुलढाण्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. प्रत्येक प्रसंगाखाली 'चूक कळवा' असं बटण आहे, तिथे लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, आणि तिथे येणारा कचरा निवडणं हेही माझंच काम. आपल्या लोकांना स्वतःच्या पोराची वही बघायला वेळ नसतो, दुसऱ्याची वेलांटी काढायला मात्र असतो. आज एकानं कळवलं की प्रसंग नऊमध्ये सरपंचाची सासू पहिल्या पानावर मेली आणि चौथ्या पानावर तिनं मतदान केलं. ती चूक नव्हती रे बाबा. पण कोणाकोणाला समजावणार.

काल प्रसंग सत्तावीस खुला झाला. नाव 'अविरोध'. माझं आजवरचं सर्वांत चांगलं लिखाण, हे इथे म्हणायला हरकत नाही. गावाला निवडणूक बिनविरोध करायची आहे. सगळ्यांनी अर्ज मागे घेतले, एक शेतकरी अडून बसला. दुपारी तीनची मुदत. गावचा पोलीस पाटील त्याला समजावायला शेतात जातो. तो ऐकत नाही. पाटील कुऱ्हाड उचलतो आणि मागून डोक्यात घालतो. मग ओळ येते, 'कोणीही पाहिलं नाही', आणि खेळणाऱ्याला विचारलं जातं, आता काय करशील? शंभरातले ऐंशी 'अपघात दाखव' निवडतात.

कल्पना अर्थात गावाकडची. धाड या मोठ्या गावाच्या पलीकडे आमचं गाव. मी बारा वर्षांची असताना आमच्या शेजारच्या शेतातल्या मोतीरामनं असाच अर्ज मागे घेतला नव्हता. पण तो मेला अपघातानं. दारू पिऊन नाल्याच्या बांधावरून खाली दगडांवर पडला. बाबाच तेव्हा पोलीस पाटील होते, खबर त्यांनीच लिहिली. मी फक्त 'असं झालं असतं तर' एवढं रंगवलं.

राखीनं मात्र त्यात माती कालवली. राखी म्हणजे माझी पुण्याची संपादक. मी लिहिलं होतं 'धुऱ्यावर'. दोन शेतांच्या मधल्या पट्टीला आमच्याकडे धुरा म्हणतात. तिनं त्याचं 'बांधावर' केलं. "अगं, लोकांना धूर वाटेल," म्हणाली. आमच्याकडे बांध म्हणजे नाल्यावरचा दगडी बांध. हे तिला तीनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

९ सप्टेंबर

'गट ११२' नावाच्या खात्यावरून एक ओळ आली. "प्रसंग २७. बांधावर नाही मेला. धुऱ्यावर मेला."

मी राखीला तसंच्या तसं पाठवलं. बघ म्हटलं, माझ्या मातीतला माणूस. अखेर ती नमली आणि 'धुरा' परत आला. नवरा सोडल्यानंतर एवढा आनंद मला पहिल्यांदाच झाला असेल.

आमच्या शेताचा गट नंबर १११. गंमत वाटली. पण एकशे बारा काय, प्रत्येक गावात असतोच.

एक मात्र मलाच कळलं नाही. मोतीराम बांधावरून पडला हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. मग मी पहिल्यांदा लिहिताना धुरा का लिहिलं? हात गेला तसं लिहिलं असणार.

१५ सप्टेंबर

बाबांना नवा फोन घेतला. आमच्या गल्लीतल्या वकारचं मोबाईलचं दुकान आहे, त्यानंच तो चालू करून दिला आणि 'कारभारी'ही टाकून दिला. मी काय काम करते ते बापाला एकदा दिसू दे, असं मला वाटत होतं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात आणि मी दिवसभर फोनशी खेळते असं सगळ्यांना सांगत फिरतात.

दुपारी बाबा जेवायला बसले तेव्हा फोन त्यांच्या मांडीवर होता.

"हे सत्तावीस नंबरचं कोनं लिवलं?"

"मीच."

"कोनाले इचारून?"

"कोणाला विचारायचं? गोष्ट आहे ती."

त्यांनी ताट उचललं आणि फेकलं. काठ माझ्या भुवईवर बसला. वरण केसांत, रक्त डोळ्यात. वकारनं दवाखान्यात नेलं, चार टाके पडले. तोपर्यंत बाबांनी फरशी स्वतः पुसून घेतली होती. लख्ख, पोछा पिळून दोरीवर टाकलेला.

त्यांचा हात असाच आहे. आईची दोन बोटं वाकडी होती ती जन्मापासून नव्हती. गावात शेळी चोरणाऱ्याला त्यांनी चावडीच्या खांबाला बांधून बैलाच्या दाव्यानं सोलला होता, आणि आम्ही पोरी ओळीत उभ्या राहून बघत होतो. आता सत्तरीला टेकले तरी मनगट तेच. त्यांना गेममधली मारामारी आवडली नसावी. स्वतः इतकं मारलेल्या माणसाला कागदावरचं मारणं सहन होत नाही, हे नवलच.

२० सप्टेंबर

आज फार हसले. 'वाचक ६८' नावाच्या खात्यावरून ही चूक आली आहे.

"प्रसंग क्र. २७ मध्ये मयतावर मागून वार झाल्याचे दाखविले आहे. ते चुकीचे आहे. वार समोरून झाला. पाठीमागून वार करणारा इसम भ्याड असतो. सबब योग्य ती दुरुस्ती व्हावी."

मयत, इसम, सबब! कोणी निवृत्त कोर्ट-कारकून असणार. घरात भाजी आणायलाही अर्ज करत असेल.

त्याखाली थोड्या वेळानं गट ११२ चं आलं. "तुले कसं माहीत?"

वाचक ६८. "माहीत आहे."

मी विचार केला, म्हातारा म्हणतो त्यात दम आहे. समोरून मारलं तर दोघांची नजरानजर होते. मी तो भाग नव्यानं लिहिला. पाटलानं कुऱ्हाड डोक्यावर नेली तेव्हा शेतकरी त्याच्या डोळ्यांत बघत होता. पहिला घाव गळ्याच्या हाडावर बसला. तो गुडघ्यावर आला, तरी हात उचलला नाही. दुसऱ्यानं कपाळ उघडलं. राखीनं वाचून लिहिलं, 'अंगावर काटा आला, किती खरं वाटतंय!' पुण्याची बाई खरं म्हणाली म्हणजे झालंच.

पण रात्रीचा भात मला गेला नाही. 'मागून' हा शब्द खोडून मी दोनदा परत लिहिला होता.

२७ सप्टेंबर

दोघांचं चालूच आहे. मी दोघांनाही उत्तर देत नाही, नुसती वाचते. दुसऱ्यांच्या भांडणात आपलं काम होत असेल तर मधे कशाला पडा.

गट ११२. "त्यानं हात जोडले होते का?"

वाचक ६८. "नाही. मयताने हात जोडले नाहीत. रडला नाही. म्हणाला, अर्ज माझा आहे, जीव गेला तरी मागे घेणार नाही."

गट ११२. "दारू प्यालेला होता का?"

इथे वाचक ६८ नं तीन दिवस लावले. मग एकच शब्द आला. "नाही."

आणि आज सकाळी गट ११२ कडून, "बावीस वर्सं झाले. धन्यवाद."

बावीस वर्षं कसली ते मला कळलं नाही. अर्जाचं वाक्य मी प्रसंगात टाकलं. असली ओळ मला सात जन्मांत सुचली नसती.

बाबांची तब्येत बरी दिसते. दिवसभर ओसरीत फोन घेऊन, चष्मा नाकावर. एका बोटानं काहीतरी टाइप करतात, मी गेले की फोन पालथा घालतात. वकारनं त्यांचं खातं कोणत्या नावानं उघडलं ते विचारायचं राहिलंय.

३ ऑक्टोबर

राखीच्या सांगण्यावरून गेममध्ये 'मानाचे दुरुस्तीकार' असं पान सुरू केलं. ज्यांच्या सुचवण्या घेतल्या त्यांची खाती आणि गावं. पहिल्या नंबरावर 'वाचक ६८, बुलढाणा'. मीच टाकलं. आपल्याच शहराचं नाव वर बघून बरं वाटलं.

८ ऑक्टोबर

गावाहून गुलाबरावांचा फोन. आमचं शेत ते बटाईनं करतात. गावात निम्म्या पोरांच्या फोनवर प्रसंग सत्तावीस आहे म्हणे. मोतीरामचा पोरगा शिवम, तो परवा चावडीपुढे उभा राहिला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. आमच्या भावकीतल्यांनी त्याचा फोन हिसकला. मग काठ्या निघाल्या. तिघांची डोकी फुटली. गुलाबराव सोडवायला गेले तर त्यांच्या हातावर सोयाबीन कापायचा विळा बसला, अंगठा लोंबकळत होता, धाडला नेऊन शिवला.

"मंजुबाई, तुम्ही काऊन लिवलं हे?" एवढंच ते विचारत होते.

गोष्टीवरून डोकी फोडतात. काय म्हणावं या लोकांना. मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "शिवम काय? मोत्याचा? लहान होता तो." आणि उठून कोठीत गेले. कोठीत लोखंड घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता. विचारलं तर म्हणाले, कुऱ्हाडीले गंज चढला.

११ ऑक्टोबर

गुलाबरावांना बघायला म्हणून एसटीनं गावी गेले. बाबांना सांगितलं नाही. गुलाबरावांकडून निघाले आणि पाय आपोआप शेताकडे वळले. तूर कमरेच्या वर आली होती. एकशे अकरा आणि एकशे बाराच्या मधल्या धुऱ्यावर बाभूळ अजून आहे. तिच्याखाली शिवम बसला होता, डोक्याला पट्टी. मला बघून उठला.

"ये ताई. तू येशील मले वाटतच होतं."

"गट ११२ तू?"

"हाव."

मी म्हटलं, तुझ्या वडिलांवर लिहिलं नाही मी, ती कल्पना आहे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ताई, लोकं मले बेवड्याचं पोट्टं म्हनून हाका मारत आले. लग्नात, बाजारात, मयतीत. मले एवढंच पाह्यजे होतं का माहा बाप कसा मेला. ते मिळालं. उभ्यानं मेला, बोलून मेला. त्या म्हाताऱ्याचे उपकार म्हन."

"कोण म्हातारा?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुले खरंच ठाऊक नाही? बुलढान्यात राह्यनारा, अडुसष्ट वर्साचा, 'सबब' लिवनारा मानूस कोन आहे? माह्या बापाची खबर मी तहसिलीतून नक्कल काढून आनली. पाठ आहे मले. 'मयत इसम दारूच्या नशेत बांधावरून पडून, सबब.' तेच अक्षर नाही, पन तेच बोलनं."

मी म्हटलं, चल, काहीही बोलतोस.

"एक चूक तुह्यात अजून राह्यली," तो म्हणाला. "शेवटची ओळ. कोनीही पाह्यलं नाही म्हनते तू."

त्यानं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत एक फडकं होतं, हिरवं, जुन्या लुगड्याच्या काठाचं. रंग उडालेला. "त्या दिवशी मी या तुरीत बापाले शोधत आलो तं हे सापडलं. यात दोन भाकरी अन् ठेचा होता. आमच्या घरची भाकर नव्हती. कोनीतरी भाकर घेऊन आलं होतं, अन् टाकून पळालं. कोन आलं होतं, ताई?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. माझा आवाज माझ्या आईसारखा आला, मार खाल्ल्यावर शेजारणीशी बोलताना यायचा तसा.

आईच्या हिरव्या लुगड्याची फडकी मी ओळखते. घरात सहा होती, मग पाच.

१२ ऑक्टोबर

वकारला विचारलं. तो खाली मान घालून स्क्रू फिरवत होता. "चाचा बोलले नाव नको टाकू, वाचक टाक. उमर मीच टाकली. काऊन, काही गडबड झाली का आपा?"

दुपारी बाबांपुढे उभी राहिले. मी म्हटलं, गट ११२ म्हणजे शिवम आहे. त्याच्याकडे फडकं आहे. त्याला सगळं कळलंय.

सांगायला नको होतं. पण मला वाटलं, आता तरी ते काहीतरी म्हणतील.

त्यांनी माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. भुवईची जुनी जखम उसवली. मग तोंडाजवळ तोंड आणून अगदी हळू म्हणाले, "तू त्या दिशी शेतात गेलतीच नाही. काय?"

"गेले नव्हते," मी म्हटलं.

बरोबर हेच शब्द. याच क्रमानं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी असंच विचारलं होतं आणि मी असंच उत्तर दिलं होतं, आणि त्यांनी मला गूळ दिला होता. गुळाची चव आत्ता तोंडात आली आहे आणि जात नाही.

१३ ऑक्टोबर

सकाळी ओसरी रिकामी. कोठीतली कुऱ्हाड नाही. गुलाबरावांना फोन लावला, लागला नाही. शिवमचा नंबर माझ्याकडे नाही. 'चूक कळवा'च्या खाली गट ११२ ला लिहिलं, "शेतात जाऊ नकोस." त्यानं अजून वाचलेलं दिसत नाही.

१४ ऑक्टोबर

बाबा पहिल्या एसटीनं गेले होते, कुऱ्हाड पोत्यात गुंडाळून. कंडक्टरनं त्यांना बसायला जागाही दिली म्हणे, म्हातारा माणूस म्हणून.

शिवम धुऱ्यावर पाठमोरा उभा होता. घाव खांद्याच्या पात्यात गेला आणि पातं हाडात रुतलं, ओढून निघेना. बाबा त्याच्या पाठीवर पाय देऊन ओढत होते. ओरडणं ऐकून लोक धावले. कोणी ओंडक्यानं, कोणी वखराच्या दांड्यानं बाबांना हाणलं. दोन्ही हात मोडले, जबडा मोडला, एक डोळा गेला. तुरीचा तेवढा तुकडा झोपला आहे, जणू दोन बैल झुंजले. गुलाबराव फोनवर सांगत होते आणि मधेच उलटी करत होते.

दोघेही इथेच सरकारी दवाखान्यात, एकाच मजल्यावर. शिवम बेशुद्ध आहे. बाबा शुद्धीवर आहेत, मोडक्या जबड्यानं पोलिसांना सांगतात की तो समोरून अंगावर आला, सबब बचावासाठी. मी पलंगापाशी गेले. त्यांनी उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "समोरून आला. सांग त्याइले."

पोलिसांनी मला विचारलं, तुमच्या वडिलांचा या लोकांशी काही जुना वाद? उद्या सकाळी जबाब द्यायला या.

१५ ऑक्टोबर

सकाळी लवकर आंघोळ केली. टेबलावर बसले. लॅपटॉप नाही, फोन घेतला, आणि कोणीही खेळणारा जातो तसा प्रसंग सत्तावीस उघडला. माझंच लिखाण. किती सफाईदार झालंय. पाटलाला तर मी जवळजवळ शूर करून टाकलंय.

खाली जाऊन 'चूक कळवा' दाबलं. नावाच्या चौकटीत पूर्ण नाव लिहिलं, रामराव या बापाच्या नावासकट. मग हे लिहिलं.

"वार समोरून झाला नाही. पहिल्या मसुद्यात मागून होता तेच बरोबर होतं, दुरुस्ती करून चूक घातली. मोतीराम म्हणाला, अर्ज माझा आहे, जीव गेला तरी मागं घेनार नाही. हे खरं आहे. पण त्याच्यापुढे तो आणखी बोलला, ते कोणी कळवलं नाही. तो म्हणाला, रामरावदादा, उन्हाचे आले, बसा, पानी प्या. आणि बाभळीखालच्या मडक्यातून तांब्या भरायला वाकला. तो वाकलेला असताना पाटलानं मारलं. दोन नाही, पाच घाव. तांब्या शेवटपर्यंत हातात होता. नंतर त्याला बैलगाडीत घालून बांधाकडे नेलं. शेवटची ओळ चूक आहे. पाटलाची मुलगी भाकर घेऊन आली होती. ती तुरीत उभी होती. तिनं पाहिलं."

पाठवलं. कळवलेली चूक माझ्याकडेच येते. लॅपटॉप उघडला तर आलेली होती, रांगेत पहिली. वाचली. एक वेलांटी चुकली होती, ती तशीच राहू दिली. 'मान्य' दाबलं.

शिवम शुद्धीवर आला तर त्याला आधी हेच वाचायला मिळेल. त्याचा बाप उभ्यानं मेला नाही, वाकून मेला, आणि ते मीच त्याला सांगितलेलं असेल. तो मला काय म्हणेल ते म्हणो.

वकार खाली स्कूटर काढून उभा आहे. ठाण्यात न्यायला तो येतो म्हणाला. हिरव्या फडक्यांतली उरलेली पाच कपाटातून काढून पिशवीत घेतली आहेत, जुळवून बघायला लागतील.